अण्णा, ताईच्या पोराला बोलू नका

स्टुटगार्ट
रविवार, 11 जानेवारी 2026

ती. अण्णा आणि आई,
सा. न.

काल तुम्ही फोनवर कोड सांगितलात, मी इथनं तुमचा कॉम्प्युटर माझ्या स्क्रीनवर उघडून तपासला, मग फोन ठेवला आणि मला झोपच येईना म्हणून आता उठून हे टाईप करायलोय. अक्षर मोठं करून वाचा नाहीतर ताईच्या पोराकडून वाचून घ्या, पण आधी त्याला बोलायचं बंद करा. गेम खेळून कॉम्प्युटर नासवला म्हणून पंधरा दिवस त्याला त्या खोलीत येऊ दिलं नाही तुम्ही, आणि त्या बिचाऱ्यानं काहीच केलेलं नाही.

खाली कोपऱ्यात "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 5 व्हायरस आहेत" म्हणून जे यायचं ना, ते तर अगदीच किरकोळ निघालं. कुठल्यातरी साईटनं नोटिफिकेशन दाखवू का विचारलं आणि कुणीतरी अलाऊ दाबलं, एवढंच. ब्राऊझरच्या सेटिंगमधनं त्या साईटचं नाव काढलं की गप्प बसलं. (आई, मीच दाबलं असेल म्हणून तोंड पाडून बसू नकोस, मी पण दाबतो कधी कधी.)

खरा वैताग ब्राऊझरच्या वर येऊन बसलेल्या त्या टूलबारच्या पट्टीनं दिला. तुम्ही कंट्रोल पॅनलमधनं काढला, मी काल काढला, रीस्टार्ट केलं की परत हजर, आणि काही शोधायला जावं तर भलत्याच पानावर नेतंय. मग टास्क शेड्यूलर, म्हणजे कॉम्प्युटरनं आपोआप करायच्या कामांची यादी, उघडून बघितलं तर तिथं अपडेटसारखं साधं नाव घेऊन एक काम लावून ठेवलेलं, तुम्ही लॉगिन केलं की ते गुपचूप सगळं परत उतरवून घ्यायचं. म्हणजे आपण पुढच्या दारानं हाकलायलोय आणि ते मागच्या दारानं आत. ते काढलं तरी ब्राऊझरमधलं एक्स्टेन्शन, म्हणजे त्याला चिकटवलेलं जोडकाम, परत आलंच, कारण सिंक चालू होतं, म्हणजे तुमच्या ईमेल खात्यातच त्याची नोंद, तिथनं ते परत यायचं. सिंक बंद केलं, एक्स्टेन्शन काढलं, तेव्हा कुठं ते गेलं.

पण माझं मन मानेना. विंडोजच्या डिफेंडरनं, म्हणजे त्याच्या स्वतःच्या अँटिव्हायरसनं, फुल स्कॅन केलं तर म्हणतंय काहीच सापडलं नाही, आता एवढा तमाशा चाललाय आणि काहीच नाही कसं? ऑफलाईन स्कॅन लावलं, ते विंडोज चालू व्हायच्या आधीच तपासतं, साधारण पंधरा मिनिटं लागतात, तर बाराव्या मिनिटाला तुमच्याकडं लाईट गेली. सोलापूरच ते!

लाईट येईपर्यंत बसल्या बसल्या विचार करायलो होतो, आणि आल्यावर डिफेंडरची एक्सक्लूजनची यादी उघडली, म्हणजे कुठं बघायचं नाही याची यादी. त्यात एक अख्खा फोल्डर. फोल्डरची तारीख 23 ऑक्टोबर 2022, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशीची.

अण्णा, ते मी केलेलं. त्या दिवाळीला आलो होतो तेव्हा टॉवेलची बिलं करायला तुम्हाला एक्सेल पाहिजे होतं, आणि पैसे कशाला घालवता म्हणून मी क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची कॉपी, टाकून दिलं. त्या क्रॅकबरोबर सूचनाच असते की आधी अँटिव्हायरस बंद करा, हा फोल्डर तपासू नको म्हणून सांगा. मी सांगितलं. राखणदाराला आपणच म्हणायचं त्या खोलीत जाऊ नको, आणि मग चोर कुठं बसलाय म्हणून गावभर शोधायचं. काल फोनवर हे बोलायला जीभच वळेना, म्हणून नेट खराब आहे म्हणालो. नेट चांगलं होतं.

आता तीन वर्षं त्या फोल्डरमध्ये काय काय येऊन बसलं असेल, कीबोर्डवर दाबलेलं सगळं कुणी टिपून घेतलं असेल का, काही भरवसा नाही. म्हणून पासवर्ड सगळे गेले असंच समजा. बँक, ईमेल, जीएसटीचं पोर्टल, सगळे बदला, पण फोनवरनं बदला, त्या कॉम्प्युटरवरनं नको, नाहीतर नवा पासवर्ड पण त्याच्याच हातात. खात्यातनं काही गेलेलं दिसलं तर माझ्या फोनची वाट बघू नका, लगेच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, लावा.

आणि कॉम्प्युटर फॉरमॅटच करायचा, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकायचं. साफ करत बसण्यात आता अर्थ नाही. बिलांच्या फाईली आणि फोटो तेवढे पेन ड्राईव्हवर घ्या, सेटअपची एकही फाईल नको, मग ती कितीही कामाची वाटो. नवी पेठेतल्या तुमच्या ओळखीच्या पोराला बोलवा आणि विंडोज 11 टाकायला सांगा, 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 लाच संपलाय, तुमच्या मशीनवर 11 चालतं ते मी काल बघितलंय. इन्स्टॉलचा पेन ड्राईव्ह त्यानं त्याच्या दुकानातनं करून आणावा, आपल्या कॉम्प्युटरवर करायचा नाही. तो म्हणेल काका, ऑफिस पण टाकून देतो फुकटात. नको म्हणा. लिब्रे ऑफिस टाका, ते खरंच फुकट आहे, तुमची बिलं त्यात उघडतात, मी दोन उघडून बघितली. बटणं जरा इकडं तिकडं आहेत, शिव्या घालाल मला चार दिवस, घाला.

अजून एक, कंपनीतनं बोलतोय, दुरुस्त करून देतो, कोड सांगा असा कुणाचा फोन आला तर ठेवून द्या. कोड फक्त मला, ते पण व्हिडिओवर माझं तोंड दिसल्यावर.

संक्रांत दोन-तीन दिवसांवर आली, नंदीध्वज निघतील. पोराला गड्ड्याच्या जत्रेत घेऊन जा, मोठ्या पाळण्यात दोनदा बसवा आणि सांगा की मामानं सांगितलंय. पैसे फोनपेनं पाठवतो, पण आधी पासवर्ड.

तुमचा,
बाळू