रेणूंचे कोन हाताने करून पाहू द्यावेत

संपादक महोदय,

अकरावीत रासायनिक बंधांचे प्रकरण आले की शिकवणीच्या टिपणांत मिथेन १०९.५ अंश, अमोनिया १०७ अंश आणि पाणी १०४.५ अंश अशी बंधकोनांची (रेणूतल्या दोन बंधांमधल्या कोनांची) तालिका हमखास असते. मुले ती पाठ करतात आणि गुणही मिळवतात. मात्र मिथेनमधला बंधकोन ९० अंश का नाही, असे विचारले की ती गप्प होतात, कारण त्यांच्या वहीत मिथेन अधिकच्या चिन्हासारखा काढलेला असतो आणि सपाट कागदावर चार रेघांना त्याहून दूर सरकायला जागाच नसते.

कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या) चार टोकांकडे वळलेले असतात, हे १८७४ साली व्हान्ट हॉफ आणि ल बेल या रसायनज्ञांनी स्वतंत्रपणे मांडले, तेव्हा कोल्बे यांच्यासारख्या नामवंत रसायनज्ञाने व्हान्ट हॉफ यांची छापील टवाळी केली होती. व्हान्ट हॉफ यांनी मात्र कागदाचे छोटे चतुष्फलक तयार करून समकालीन शास्त्रज्ञांना पाठवले. (रसायनशास्त्राचे पहिले नोबेलही १९०१ साली त्यांनाच मिळाले, पण ते वेगळ्या संशोधनासाठी.)

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनभोवती इलेक्ट्रॉनांच्या चार जोड्या असतात. त्यांतल्या बंधात भाग न घेणाऱ्या दोन एकाकी जोड्या जास्त जागा व्यापून बंधांना एकमेकांकडे रेटतात, म्हणून कोन १०४.५ अंशांवर येतो. रेणू असा वाकलेला असल्यामुळेच तो ध्रुवीय ठरतो, म्हणजे त्याची एक बाजू किंचित ऋण आणि दुसरी किंचित धन प्रभाराची असते, आणि मीठ सहज विरघळवतो. कार्बन डायऑक्साइडप्रमाणे तो १८० अंशांत सरळ असता, तर दोन्ही बंधांची ध्रुवीयता एकमेकींमुळे रद्द झाली असती आणि पेडण्यातील (गोवा) अगरवाड्याच्या मिठागरांत घेतलेल्या पाण्यातून मीठ मिळण्याची गोष्टच उरली नसती. हायड्रोजन सल्फाइडमध्येही दोन एकाकी जोड्या असतात, तरी तिथला कोन सुमारे ९२ अंश आहे. एवढ्या एका नियमाने सारे उलगडत नाही, हेही मुलांना तेव्हाच सांगायला हवे.

चार फुगे तोंडाशी एकत्र बांधले की ते आपोआप चतुष्फलकाच्या दिशांना पसरतात. चिकणमातीच्या गोळ्या आणि माडाचे हीर आपल्याकडे घरोघरी मिळतात. उच्च माध्यमिक विद्यालयांनी या प्रकरणासाठी प्रात्यक्षिकाची एक तासिका राखून ठेवावी आणि मुलांनी केलेल्या प्रतिकृतीवरूनच त्यांना कोनाचे कारण विचारावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, फोंडा