नांदूर मध्यमेश्वरला अकरा वाजता पोहोचू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की ‘पाहुणे पक्षी दाखल’ अशी छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात आणि पुढच्याच रविवारी निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला कुटुंबेच्या कुटुंबे येऊ लागतात. लोक येतात याचा आनंदच आहे. पण बहुतेक जण ऊन चढल्यावर पोहोचतात. दूर पाण्यावर काळे ठिपके दिसतात, मुले कंटाळतात आणि मग पक्षी उडावेत म्हणून कुणीतरी टाळ्या वाजवते. सहल इथेच फसते. छायाचित्रासोबत वेळही छापली जावी, यासाठी हे पत्र.

गोदावरी-कादवा संगमावरच्या या बंधाऱ्यात शंभर वर्षांहून जास्त काळ गाळ साचत आला. त्यातून उथळ पाणी, बेटे आणि पाणवनस्पतींचे पट्टे तयार झाले. १९८६ मध्ये हे अभयारण्य झाले, २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. पक्षी येतात ते या उथळपणासाठी. चमचा पक्ष्याला चोच डावी-उजवीकडे फिरवत चालायला पायाखाली तळ लागतो, शेकाट्याला तर त्याहून कमी पाणी हवे.

सूर्योदयाला पक्षीनिरीक्षणाच्या मनोऱ्याजवळ असावे. पहिल्या दोन-अडीच तासांत जे दिसते ते नंतर दिवसभर थांबूनही दिसत नाही. बरीच बदके रात्री चरतात आणि ऊन चढले की चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपतात. चोच आणि डोके दिसले नाही की ओळख पटवणे नवख्याला अशक्यच. शिवाय तापलेल्या चिखलावरची हवा थरथरू लागते. त्या हवेतून बघताना दुर्बीण जितकी मोठी, तितके चित्र जास्त हलते. पहाटे जमत नसेल तर दुपारी चारनंतर जा. ऊन मात्र नेहमी पाठीशी हवे: सकाळी पूर्वेच्या काठावरून बघावे, संध्याकाळी पश्चिमेच्या. समोरून ऊन आले की हळदी-कुंकू बदक आणि थापट्या दोन्ही सारखेच काळे दिसतात. धुके असेल तर ते विरेपर्यंत बसून राहा.

दुर्बीण ८×४२ घ्यावी. पहिला आकडा किती पट मोठे दिसते त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पटीची दुर्बीण हातात जास्त हलते, त्यामुळे मुलांना तिचा उपयोग कमी होतो. लहान मुले ‘काहीच दिसत नाही’ म्हणतात तेव्हा बहुधा ती खरेच सांगत असतात. त्यांच्या डोळ्यांतले अंतर कमी असते आणि मोठ्यांची दुर्बीण तितकी मिटत नाही, म्हणून काळ्या कडा दिसत राहतात. त्यांच्यासाठी जास्त मिटणारी, हलकी ८×३२ बघावी. ती मुलाच्याच डोळ्यांना लावून घ्यावी. दुर्बीण जुळवताना आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचे चित्र स्पष्ट करा, मग डावा मिटून उजव्या नळीवरची कडी फिरवा. हे घरीच करून ठेवावे. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप खाली करा. पक्षी शोधताना आधी नुसत्या डोळ्यांनी हेरा आणि नजर न हलवता दुर्बीण वर आणा.

चालत पक्ष्यांकडे जाऊ नये. एका जागी अर्धा तास बसलात तर पक्षीच हळूहळू जवळ सरकतात. पांढरे आणि भडक कपडे टाळा. बोट दाखवायला हात झटकन वर करू नका, कारण तेवढ्यानेही काठाजवळचे पक्षी दचकतात. खाणे थांबले, माना एकदम वर झाल्या, थवा काठापासून दूर पोहू लागला, म्हणजे आपण फार जवळ आलो. तिथेच थांबून दोन पावले मागे यावे. वारकरी पक्षी पाण्यावरून पाय आपटत धावू लागले म्हणजे उशीर झालेला असतो. ड्रोन तर आणूच नये. वरून घिरट्या घालणारे काहीही थव्याला शिकारी पक्ष्यासारखे वाटते आणि सगळे पाणी एका क्षणात रिकामे होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये हे उडवणे सर्वांत महागात पडते. परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवण्याचे ते दिवस असतात आणि प्रत्येक उड्डाणात ती खर्च होते.

मुलांना पन्नास नावे पाठ करायला लावू नयेत. मोठे आणि काहीतरी करणारे पाच पक्षी पुरेत. मुग्धबलाकाच्या मिटलेल्या चोचीतली फट दाखवा, गोगलगायी खायला ती उपयोगी पडते. पाणकावळा पंख पसरून का बसतो ते सांगा: त्याची पिसे भिजतात, त्यामुळे बुडी मारणे सोपे जाते, पण नंतर ती वाळवावी लागतात. थापट्या बदके एकमेकांमागे गोल फिरत खाद्य वर आणतात, ते तर मुले कितीही वेळ बघतात.

शाळांच्या सहलींनीही वेळ बदलावी. बस अकराला पोहोचणार असेल तर ती दुपारी काढलेली बरी. मुलांचे गट लहान करावेत आणि एक गट मनोऱ्यावर असताना बाकीच्यांनी खाली थांबावे.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. गोदावरी कालव्यांच्या आवर्तनाच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या, तारखा आपण शेतकऱ्यांसाठी छापता. त्याच बातमीत बंधाऱ्यातली पाणीपातळी चढती आहे की उतरती, एवढे एक वाक्य घालावे. पाणी चढले की चिखलाचे पट्टे बुडतात आणि तुतारीसारखे छोटे पक्षी दुसरीकडे जातात. उतरले की चिखल उघडा पडतो आणि ते परततात. कुठल्या रविवारी निघायचे, हे वाचकाला त्यावरून ठरवता येईल.

आपला,
एक पक्षीनिरीक्षक वाचक