तुला ऐकू आलेली खडखड

नागपूर, मे अखेर

प्रिय चिऊ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू आपल्या जुन्या यामाहा आरएक्स 100 मोटरसायकलबद्दल विचारलंस, "आरएक्सचं काय झालं?" आणि मी "काम चालू आहे" म्हणून विषय टाळला. खरं सांगायचं तर लाज वाटली. कॉलेजला जायचीस तेव्हा तू म्हणायचीस, "बाबा, खाली काहीतरी वाजतं, डब्यात चणे हलवल्यासारखं." मी म्हणायचो, टू-स्ट्रोक आहे, वाजणारच. मग एका मेकॅनिकनं हाफ इंजिन केलं, म्हणजे बोरिंग आणि नवा पिस्टन. पैसे गेले, चणे डब्यातच राहिले.

यंदा मीच इंजिन उतरवलं. हेड आणि ब्लॉक काढला, पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वरच्या टोकाला आणला आणि दोन बोटांत धरून सरळ वर-खाली ओढला. आडवा थोडा डुलतो, तो डुलायलाच हवा. उभा मात्र केसभरही हलता कामा नये. आपला टक्‌ वाजला. तोच तुझा आवाज! अंगणात बसून दहादा तरी वाजवला असेल. शेवटी तुझी आई म्हणाली, "आता काहून वाजवून राह्यले?"

बिग एंड, म्हणजे रॉडच्या खालच्या टोकाचं बेअरिंग, गेलं होतं. या इंजिनात पिस्टन 50 मिलिमीटर वर जातो, तेवढाच खाली येतो. सहा हजार आरपीएमला सेकंदाला शंभर वेळा. आणि त्या बेअरिंगला तेल मिळतं ते पेट्रोलसोबत उडत येईल तेवढंच. वर तू पुण्याला गेल्यापासून गाडी तीन पावसाळे उभी. मेन बेअरिंगच्या छर्‍यांवर गंजाचे ठिपके पडले होते.

आणखी एक कबुली. क्रँककेस म्हणजे क्रँक बसतो ती इंजिनाची पेटी, तिच्या पॅकिंगच्या जागेवर एक खोल ओरखडा आहे, तो माझाच. तू लहान होतीस तेव्हा गिअर बदलायला केस पेचकसानं उचकटली होती. टू-स्ट्रोकमध्ये ही पेटी हवाबंद लागते. फटीतून हवा शिरली की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन तापतं. यावेळी केस उघडायला पुलर, म्हणजे स्क्रूनं ओढून भाग सुटे करणारं हत्यार, लावला.

क्रँक, म्हणजे रॉड ज्याला फिरवतो तो दांडा, खरादवाल्याकडे दिला. आपली गाडी 1994 ची, आणि 1996 नंतर ती बनलीच नाही. त्यामुळे डुप्लिकेट रॉड किट बाजारात भरपूर आहेत, चांगलं शोधायलाच दोन आठवडे गेले. खरादवाल्यानं क्रँकची दोन्ही फ्लायव्हील, म्हणजे जड चाकं, प्रेसमध्ये वेगळी केली, नवी पिन, नवा रॉड दाबला, मग क्रँक दोन टोकांवर धरून, तो सरळ फिरतो का ते मोजायला डायल गेज लावला. सुई डोलली. तांब्याच्या हातोड्यानं एक ठोका, पुन्हा फिरवणं, पुन्हा ठोका. मी म्हटलं, "चालेल ना आता?" त्यानं मान वर न करता सांगितलं, "तुम्हाला चालेल, क्रँकला नाही." 0.02 मिलिमीटरवर सुई आली तेव्हाच हात थांबवला.

बेअरिंग बसवायला केस तापवावी लागते, बेअरिंग थंड. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं ना. तर बेअरिंग पिशवीत घालून आमरसाच्या डब्याशेजारी फ्रीजरमध्ये, आणि केस स्वच्छ धुऊन, सील काढून तुझ्या केकच्या ओव्हनमध्ये शंभर डिग्रीवर. टप्पकन आपोआप बसलं, हातोडीला हातही लावला नाही. ओव्हन आईनं अजून स्वयंपाकघरात येऊ दिलेला नाही.

परवा मॅग्नेटची, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या चुंबकी चाकाची, ती अर्धचंद्रासारखी चावी हरवली. टॉर्च लावून दोन तास अंगण झाडलं. सापडली कुठं, तर मॅग्नेटलाच आतून चिकटलेली!

आता नवे ऑइल सील आणि ब्लॉक तेवढा राहिलाय. पहिली किक मारताना तुला फोन लावतो. मी म्हणेन काही वाजत नाही, पण माझं ऐकू नको. फोन इंजिनाजवळ धरतो, तू कान लाव आणि सांग.

तुझा,
बाबा