वटवाघळांच्या गर्भविज्ञानाच्या स्लाइड भंगारात जाऊ देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रामदासपेठ-धंतोलीतून जाताना वंध्यत्व उपचार केंद्रांचे फलक पावलोपावली दिसतात. त्या उपचारांमागे जे प्रजननशास्त्र उभे आहे, त्यातील एक मोलाचे दालन आपल्या नागपुरात, वटवाघळांच्या अभ्यासातून घडले, हे फार थोड्या नागपूरकरांना ठाऊक आहे. त्या कामाच्या खुणा आज नष्ट होत आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयातील प्रा. एम. ए. मोघे यांनी फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळाचा गर्भविकास आणि त्याची वार यांवरील संशोधन १९५१ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्याच वर्षी एम. सी. चँग यांनी अमेरिकेत सशांवर प्रयोग करून दाखवले, की मादीच्या जननमार्गात काही तास काढल्याशिवाय शुक्राणूला बीजांड फलित करण्याची क्षमता येत नाही. १९७८ मध्ये इंग्लंडात पहिले परीक्षानळी बालक जन्मले, त्याच्या वाटेवरचा चँग यांचा हा शोध एक टप्पा होता.

डॉ. ए. गोपालकृष्ण यांनी तर आपली सारी संशोधन-कारकीर्द वटवाघळांच्या प्रजननाला वाहिली. १९४७ पासून त्यांची गर्भविज्ञानावरील निबंधमाला प्रसिद्ध होऊ लागली आणि पुढे नागपूरच्या विज्ञान संस्थेतून त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे काम कित्येक वर्षे चालू ठेवले. वटवाघूळच का, असे मला वर्गात नेहमी विचारले जाई. स्त्रीच्या शरीरात पुरुषाचे शुक्राणू फार तर पाच दिवस तग धरतात. थंड प्रदेशातील काही वटवाघळांचा समागम मात्र शरदात होतो, बीजांड वसंतात सुटते आणि मधले काही महिने मादी ते शुक्राणू जिवंत सांभाळते. आपल्याकडच्या उष्ण हवेत काय घडते, हा प्रश्न उरतोच. गोपालकृष्ण आणि माधवन यांचा १९७१ चा निबंध पिपिस्ट्रेलस सिलोनिकस या भारतीय वटवाघळाच्या मादीत शुक्राणू कसे टिकतात, याच विषयावर आहे.

असे निष्कर्ष किती कष्टाने निघतात, हे मी स्वतः अनुभवले आहे. एका जातीचे प्रजननचक्र ठरवायचे तर वर्षाच्या प्रत्येक महिन्यातले नमुने लागतात. गर्भाशय द्रावणात मुरवायचे, अल्कोहोलमधून काढायचे, मेणात बसवायचे आणि मायक्रोटोम या काप घेण्याच्या यंत्रावर एकामागून एक छेद, म्हणजे अतिशय पातळ काप, घेऊन ते काचेच्या स्लाइडवर बसवायचे. छेद ८ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरला, तर जेमतेम ५ मिलिमीटर लांबीच्या गर्भाशयाचे ६२५ छेद होतात आणि त्यांतला एकही गहाळ होऊन चालत नाही, कारण नेमका तिथेच गर्भ रुजलेला असू शकतो. नागपूरच्या मे महिन्यात मेणाचा ठोकळा मऊ पडे, छेदांची रिबन पात्याला चिकटे. मग ठोकळ्यावर बर्फ धरून पहाटे काम उरकावे लागे.

मी जिथे शिकवले, त्या महाविद्यालयात काही वर्षांपूर्वी प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर हलवली, तेव्हा स्लाइडच्या जुन्या लाकडी पेट्या निर्लेखनाच्या, म्हणजे मोडीत काढायच्या वस्तूंच्या, यादीत टाकण्यात आल्या. मी पोहोचले तोवर बहुतेक पेट्या भंगारवाल्याच्या गाडीवर चढल्या होत्या. एक तेवढी परत मागून घेतली. तिच्यातली एक स्लाइड उजेडासमोर धरली, तर पिवळट पडलेल्या कॅनडा बाल्सम या चिकट राळेखाली जांभळ्या-गुलाबी छेदांच्या तीन सरळ ओळी अजून शाबूत होत्या आणि चिठ्ठीवर टाकाने लिहिले होते : ‘मेगाडर्मा लायरा, डावे शृंग’. वटवाघळाच्या या जातीत गर्भ गर्भाशयाच्या डाव्या शृंगातच, म्हणजे डाव्या शाखेतच, वाढतो. ही गोष्ट कोणीतरी अशाच शेकडो काचा एकेक करून पाहिल्या, म्हणून आज माहीत आहे.

हे नमुने पुन्हा गोळा करता येतील, असे कोणी म्हणू नये. वन्यजीव संरक्षण कायद्यात एके काळी फळे खाणारी वटवाघळे उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली, आणि ते योग्यच झाले. इतके जीव पुन्हा मारू नयेत, असे मला मनापासून वाटते. म्हणूनच जे एकदा मारले गेले, त्यांच्या शरीरातून मिळालेले ज्ञान कचऱ्यात जाणे मला सहन होत नाही.

विदर्भातील प्रत्येक महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाने आपल्याकडील अशा स्लाइड, नोंदवह्या आणि जुने प्रबंध यांची यादी करावी, विद्यापीठाने त्यांची छायाचित्रे काढून ती एके ठिकाणी ठेवावीत, आणि विभागप्रमुखांच्या लेखी संमतीखेरीज एकही पेटी निर्लेखित होऊ नये, अशी माझी विनंती आहे. छायाचित्रणाला फार मोठा निधीही लागत नाही. सूक्ष्मदर्शकाला जोडलेला कॅमेरा आता बहुतेक विभागांत असतो. जुन्या चिठ्ठ्यांवरील संक्षेप उलगडू शकणारे आमच्या पिढीचे लोक अजून आहेत, त्यांना आत्ताच बोलवावे. माझ्याकडील पेटी नीट सांभाळण्याची लेखी हमी देणाऱ्या कोणत्याही विभागाला ती सुपूर्द करण्यास मी तयार आहे, आणि चिठ्ठ्या वाचून देण्यासाठी आठवड्यातून दोन दिवस येऊन बसेन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राणिशास्त्र अध्यापिका,
धरमपेठ, नागपूर