‘लुटेरा’तला जमीनदार भोळा नव्हता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत प्रेमपटांवरचा लेख वाचला. त्यात ‘लुटेरा’बद्दल (२०१३) भरभरून लिहिलं आहे, वाचून बरं वाटलं. रणवीर सिंग आणि सोनाक्षी सिन्हा यांचं दोघांचंही हे काम मला फार आवडतं. पण नायिका पाखीच्या जमीनदार वडिलांना लेखकाने ‘भोळा’ या एका शब्दात मोडीत काढलं आणि त्यांना लुबाडणाऱ्या ठगाच्या, म्हणजे नायक वरुणच्या, प्रेमाने सगळं फिटलं असा सूर लावला. तो मला पटला नाही, म्हणून हे पत्र.

सिनेमाचा काळ १९५३ चा, गाव बंगालमधलं माणिकपूर. जमीनदारी जाणार हे ठरलेलं. अशा वेळी पुरातत्त्व खात्याचा माणूस म्हणून वरुण वाड्यात येतो. त्याच्यावर विश्वास का बसला, हे कळायला आपल्याला बंगालपर्यंत जायला नको. आपल्याकडे मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, ३१ मार्च १९५१ ला गेली, तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती. माझे आजोबा भंडारा जिल्ह्यातले मालगुजार. तलावाच्या पाळीवर उभं राहून यंदा किती धान होईल ते सांगणारा माणूस, त्यांना कोणी भोळं म्हटलं नसतं. कायदा योग्यच होता, कसणाऱ्याला जमीन मिळायलाच हवी होती. पण त्या दोन-तीन वर्षांत वाड्यावर रोज कोणी ना कोणी कागद घेऊन यायचं. मोजणीचे, मोबदल्याचे, तलावांच्या नोंदीचे. कागदावर गोल शिक्का असला की सही करायची, एवढंच आजोबांच्या हाती उरलं होतं.

त्यातच एकदा दोघे जण आले. जुन्या वस्तूंची सरकारी नोंद करतो म्हणाले. देवघरातला पितळी बाळकृष्ण फोटो काढायला म्हणून घेऊन गेले, रीतसर पावती देऊन. मूर्ती परत आली नाही. ती पावती आजोबांच्या बंडीच्या खिशात शेवटपर्यंत होती, आणि आजीने देवघरातली ती जागा कधी भरली नाही. रोज तिथे एक फूल ठेवायची. हे मला आईने सांगितलं. म्हणून साखरपुड्याच्या दिवशीच मंदिरातली मूर्ती गेल्याचं कळतं, तेव्हा पाखीच्या वडिलांचं काम करणाऱ्या बरुण चंदांचा चेहरा मला बघवत नाही. जमीन गेली ती कायद्याने गेली, त्याचं दुःख माणूस पचवतो. इथे तर मूर्तीही गेली आणि जावई म्हणून जवळ केलेला मुलगाही खोटा निघाला. सुरुवातीला ते पाखीला पोपटात जीव असलेल्या राजाची गोष्ट सांगतात. त्यांचा जीव मुलीत होता, आणि घाव तिथेच बसला.

वरुणचं प्रेम खोटं होतं असं मला म्हणायचं नाही. ते खरंच होतं. चित्रकार म्हणवणाऱ्या त्या मुलाला ब्रश कसा धरायचा हे पाखी शिकवते, तिथे तो हरलेला दिसतो. पुढे डलहौसीत, झाडाचं शेवटचं पान गळलं की आपण मरणार असं धरून बसलेल्या आजारी पाखीसाठी तो झाडाला रंगवलेलं पान बांधतो, तेव्हा मीही दरवेळी रडते. पण त्या पानाने पाखी जगते, फसवणुकीच्या धक्क्याने गेलेले तिचे वडील परत येत नाहीत. दिग्दर्शक विक्रमादित्य मोटवाने यांनी ठगाला सुखाचा शेवट दिला नाही, पोलिसांच्या गोळीवर त्याला संपवलं. हिशेब त्यांनी चोख ठेवला आहे. तुमच्या लेखात मात्र तो राहून गेला.

आज पोलिसांचा किंवा सीबीआयचा गणवेश घालून व्हिडिओ कॉल करणारे, ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालून निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी नेणारे हेच करतात. सरकारी शिक्क्याला मान देण्याची माणसाची सवयच ते वापरतात. आपल्या शहरातली अशी बातमी आली की लोक लगेच ‘एवढं कसं कळलं नाही?’ म्हणतात. ज्याची पुंजी गेली तो मग शरमेने तक्रार करायलाही जात नाही. माझे आजोबाही गेले नव्हते.

लेखमालेचा पुढचा भाग येणार असेल, तर पाखीच्या वडिलांवर दोन परिच्छेद लिहावेत, एवढी विनंती.

आपली नियमित वाचक,
महाल, नागपूर