हिरवा झेंडा

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न.

आधी ठरलेलं सांगून टाकते. एक तारखेपासून सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी साडेनऊला फिजिओथेरपिस्ट घरी येतील. तीन महिन्यांचे पैसे भरलेत. तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर बाबा ‘नको’ म्हणाले असते आणि आई, तू ‘त्यांना नको तर राहू दे’ म्हणाली असतीस.

दिवाळीत मी बोलले ते डोक्यातून जात नाही. ‘बाबा, तुम्ही मनावरच घेत नाही.’ तुम्ही बंद टीव्हीकडे बघत राहिलात. परतताना हुबळीपर्यंत डोळा लागला नाही.

परवा डॉक्टरांशी सविस्तर बोलले. हा आळस नाही म्हणाले, उदासीही नाही. ‘मला काही दुःख नाही गं’ असं तुम्ही म्हणायचात, ते खरंच होतं. मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी पडलं की हात थरथरतो, तसंच ‘चला, उठू या’ हे आतून वाटणंही मंदावतं. पार्किन्सन्सच्या दहा जणांत साधारण चार जणांना हे होतं. त्यावर हमखास गुण येईल अशी गोळी नाही. म्हणून आहेत त्या गोळ्या तशाच चालू ठेवायच्या आणि बाकीचं आपण करायचं.

बाबा, हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. इंजिन धड, रूळ धड, पण सिग्नल पडल्याशिवाय गाडी हलत नाही. तुमचा आतला सिग्नल पडत नाहीये, तर आम्ही तो बाहेरून देऊ. एकदा निघालात की तुम्हाला बरं वाटतं, हे मी पाहिलंय. धाकट्या काकांकडच्या मुंजीला नको नको म्हणत गेलात आणि पंगतीत जिलबी मागून घेतलीत.

आई, ‘फिरायला जायचं का?’ असं विचारू नकोस. त्याचं उत्तर ‘नको’च येणार. चपला समोर ठेव आणि ‘कोपऱ्यापर्यंत जाऊ या’ म्हण. नाहीतर दोनातलं एक विचार: आधी चहा की आधी फेरी? वेळ रोज तीच. भिंतीवर टाइमटेबल लावायचं, आणि ते बाबांनीच लिहायचं, मोठ्या अक्षरात. अक्षर बारीक होत जातं ना, तोही व्यायाम होईल. मटार सोलणं, घड्याळाला चावी देणं त्यांच्याकडेच राहू दे. अर्धा तास लागला तरी हातातून काढून घेऊ नकोस. सकाळची गोळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी, दुधाबरोबर नाही.

आणि त्यांना तुझ्याशी बोलावंसं वाटत नाही, असं मनात आणू नकोस. तो आजार आहे गं. तुझं गुरुवारचं भजन बुडवायचं नाही. त्या वेळी शेजारचे काका बाबांजवळ बसतील, मी बोललेय. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथल्या बायकांशी फोनवर बोलत जा. पुण्यात या आजाराच्या लोकांसाठी नाचाचा वर्गसुद्धा चालतो. घाबरू नका बाबा, तुम्हाला नाचायला लावत नाही. अजून तरी.

हातांची खुर्ची आणि न्हाणीघरात धरायला दांडी या आठवड्यात येईल. चहा स्टीलच्याच पेल्यात, अर्धा अर्धा, दोनदा. उशी बदलू नका, बाबांना जुनीच लागते.

रोज चार वाजता मी फोन करीन. उचलायचा बाबांनी. काही बोलला नाहीत तरी चालेल, मी बोलेन. पंढरपूरची छोटी गाडी घरामागून जायची आणि मी गच्चीत आईचा हिरवा ब्लाउजपीस हलवायचे, आठवतं? गार्डाच्या डब्यातून तुमचा झेंडा दिसायचा. मला वाटायचं, माझ्या ब्लाउजपीसमुळेच गाडी पुढे जाते.

पुढच्या महिन्यात राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने येतेय. स्टेशनवर बाबांनीच यायचं, रिक्षावाल्याला सांगून ठेवते. आई, पत्र्याच्या पेटीत शिट्टी असेल, तेवढी शोधून ठेव.

तुमची,
चिमी