विषय : सॉलिड स्प्रूस टॉप सांगून प्लायवूडचा डबल बेस पाठवल्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आमच्या हौशी वाद्यवृंदासाठी आपल्याकडून घेतलेला थ्री-फोर्थ मापाचा डबल बेस (उभा धरून गजाने किंवा बोटाने वाजवायचे मोठे तंतुवाद्य) गेल्या आठवड्यात कोल्हापुरात पोहोचला. बिलावर 'सॉलिड स्प्रूस टॉप, एबनी फिंगरबोर्ड, उतरते खांदे' असे छापले आहे, म्हणजे पुढची पाटी अखंड स्प्रूस लाकडाची आणि बोटे दाबायची पट्टी काळ्या एबनी लाकडाची. यातले खांदे तेवढे खरे निघाले. वरच्या सुरांवर हात सहज जातो, त्याबद्दल तक्रार नाही.

टॉप मात्र प्लायवूडचा आहे. एफ-होलच्या (टॉपवरच्या f आकाराच्या भोकाच्या) कापलेल्या कडेवर बॅटरी मारली की तीन थर स्वच्छ दिसतात, मधल्याचे रेषे आडवे. अखंड लाकडात वरची रेघ कडेवरून तशीच आत उतरते. इथे ती कडेलाच संपते. फिंगरबोर्डही रंगवलेला आहे. ओल्या फडक्याने पुसला की फडके काळे होते, आणि खालच्या टोकाला आत फिकट लाकूड दिसते.

प्लायवूडला आम्ही नावे ठेवत नाही. इथल्या जुलैच्या ओलीत आणि एप्रिलच्या कोरड्या हवेत तोच कमी हलतो, टेम्पोतले धक्केही सोसतो. मैदानावर बोटाने वाजवायचे असते तर मुद्दाम तोच घेतला असता, पण प्लायच्या भावात! आमचे बहुतेक काम गजाचे आहे, आणि गजाखाली या वाद्याची ई तार नुसती घुमते, सूर नीट उमटत नाही.

दुसरे, खालच्या बाजूला पाठ आणि बरगडीचा (बाजूच्या भिंतीचा) सांधा वीतभर उघडला आहे. मोकळी ए तार वाजवली की तिथे झणझणते. आत पांढऱ्या गोंदाचे ओघळ आहेत. सरसाने (वाद्यांसाठीच्या पारंपरिक प्राणिज गोंदाने) जोडले असते तर वाफ देऊन सांधा पुन्हा बसवता आला असता. या गोंदावर सरस धरत नाही, आधी सगळा खरवडावा लागतो. त्यामुळे 'स्थानिक कारागिराकडून चिकटवून घ्या' हे आपले फोनवरचे उत्तर आम्हाला मान्य नाही.

बिलाप्रमाणे वाद्य बदलून द्यावे, नाहीतर पूर्ण रक्कम परत करावी. दोन्ही वेळचा वाहतूक खर्च आपला. नेणाऱ्या माणसाला सांगून ठेवा, चारही तारा एकदम सैल करू नयेत. साउंडपोस्ट (आत नुसत्या दाबाने उभी असलेली काठी) पडतो आणि तारांखालची घोडीही सरकते.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करू.

सोबत बिलाची प्रत, एफ-होल व सांध्याचे फोटो.

आपला,
वाद्यवृंदाचा सचिव
कोल्हापूर